बिल्ड म्हणे डेटाबेसला हात लावत नाही!

रेल्स (रूबी भाषेत वेबसाइट बनवायची चौकट) शिकणाऱ्या पोरांमध्ये सध्या एक पोस्ट फिरतेय: 'क्रिएट विसरा, सगळीकडे बिल्ड वापरा.' क्रिएट म्हणजे नोंद बनवून लगेच सेव्ह, बिल्ड म्हणजे नुसती बनवणं. खाली चार कारणं. परवा भाच्याने तीच माझ्यासमोर पुरावा म्हणून नाचवली, तेव्हा म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकू.

पहिलं कारण: 'सेव्ह म्हणेपर्यंत बिल्ड डेटाबेसला हात लावत नाही.' हॅज-मेनी नात्यापुरतं (एकाचे अनेक, जशा एका यूजरच्या ऑर्डर्स) खरं आहे, मान्य. यूजर.ऑर्डर्स.बिल्ड केलं की मेमरीत ऑर्डर तयार होते, तिच्यात यूजर_आयडी भरला जातो, बास. पण पोस्टमध्ये 'सगळीकडे' लिहिलंय ना! हॅज-वनवर (एकाला एकच) यूजर.बिल्ड_प्रोफाइल चालवा आणि लॉग बघा. यूजर सेव्ह झालेला असेल आणि त्याचं प्रोफाइल आधीच असेल, तर त्या जुन्या प्रोफाइलच्या यूजर_आयडीत नल (म्हणजे रिकामं) भरणारी अपडेट क्वेरी तिथल्या तिथे सुटते. डिपेंडंट डिस्ट्रॉय ('मालक गेला की हेही पुसा' ही सेटिंग) असेल तर थेट डिलीट. नवं प्रोफाइल मात्र अजून मेमरीतच. आणि लोक ही ओळ लिहितात कुठे? फॉर्म दाखवणाऱ्या अ‍ॅक्शनमध्ये. म्हणजे कुणी नुसतं पान उघडलं, काही न भरता टॅब बंद केला, तरी जुनं प्रोफाइल हातचं गेलं. डिपेंडंट डिस्ट्रॉय नसेल आणि कॉलम नॉट-नल किंवा प्रोफाइलचं बिलॉन्ग्ज-टू ('मी अमक्याचा' हे उलट नातं) सक्तीचं असेल, तर निदान एरर येऊन कळतं तरी.

खोटं वाटत असेल तर अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्डमधली (रेल्सच्या डेटाबेस सांभाळणाऱ्या भागातली) हॅज-वन-असोसिएशनची फाइल उघडा. बिल्ड शेवटी रिप्लेसला बोलावतो, 'सेव्ह करू नको' असं सांगूनच. पण ते फक्त नव्या रेकॉर्डपुरतं. जुन्याला हटवणारा रिमूव्ह_टार्गेट त्याला जुमानत नाही. उपाय एका ओळीचा: आधी यूजर.प्रोफाइल बघा, नसेल तरच बिल्ड.

दुसरं, 'बिल्ड आणि न्यू वेगळे.' हॅज-मेनीवर ती एकाच मेथडची दोन नावं आहेत. पुढे.

तिसरं, 'आधी पालक (ज्याची नोंद, तो; इथे यूजर) सेव्ह करा, नाहीतर आयडीअभावी व्हॅलिडेशन (सेव्हआधीची तपासणी) अडतं.' रेल्स 5 पासून बिलॉन्ग्ज-टू सक्तीचं आहे खरं, पण ते आयडी नव्हे, पालक ऑब्जेक्ट आहे का हे बघतं. आणि बिल्ड केलेल्या ऑर्डरला तो आधीच जोडलेला असतो, कारण साध्या नात्यांत उलटी बाजू (ऑर्डरकडून यूजर) 4.1 पासून रेल्स स्वतःच ओळखतं. फॉरेन-की (यूजर_आयडीसारखा जोडणारा कॉलम) वेगळ्या नावाची असेल तर इन्व्हर्स-ऑफ (ही उलटी बाजू सांगणारी सेटिंग) हाताने लिहा.

चौथं म्हणे, 'क्रिएट फसलं तरी गप्प बसतं.' मग बिल्डनंतरचं सेव्ह काय करतं? तेही गप्पच, नुसतं फॉल्स देतं. आरडाओरडा हवा असेल तर उद्गारचिन्हवालं क्रिएट (create!) आहेच.