‘बोलणे स्वच्छ, फॅक्स मात्र अर्धवट’ या अभिप्रायाला उत्तर

महोदय,

आपला अभिप्राय आम्ही सोबतच्या सेटिंगच्या चित्रासह वाचला. गेटवेवरून, म्हणजे साधा फोन व फॅक्स यंत्र इंटरनेटला जोडणाऱ्या उपकरणावरून, बोलणे स्वच्छ होते, परंतु अनेक पानी फॅक्स पहिल्या किंवा दुसऱ्या पानानंतर तुटतो. म्हणजेच उपकरण सदोष आहे, ‘व्हॉइस आणि फॅक्स’ असे लिहून ते विकणे ही दिशाभूल आहे, आणि ते बदलून मिळावे, असे आपले म्हणणे आहे. त्रास खरा आहे, पण उपकरण सदोष असल्याचा निष्कर्ष आम्हाला मान्य नाही.

इंटरनेटवरून आवाज साधारणतः २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत जातो. एखादा तुकडा हरवला, तर गेटवे आधीच्या आवाजावरून अंदाजाने ती जागा भरतो आणि ऐकणाऱ्याला बहुधा काहीच जाणवत नाही. फॅक्स यंत्रातल्या मोडेमला, म्हणजे पानाची माहिती सुरांत बदलणाऱ्या भागाला, असा अंदाज चालत नाही, कारण त्याच्या दृष्टीने त्या क्षणी पानाचा काही भागच नाहीसा झालेला असतो. शिवाय जिटर बफर, म्हणजे मागे-पुढे येणारे तुकडे थोडे थांबवून सारख्या गतीने पुढे देणारी गेटवेतील साठवण, मध्येच लहान-मोठा झाला, तर दोन्ही यंत्रांचा ताळमेळ सुटतो. कॉल जितका लांबेल तितकी ही शक्यता वाढते, आणि म्हणूनच आपले पहिले पान नीट जाते व पुढचे अडकते. आवाज उत्तम असणे हा फॅक्स जाईलच याचा पुरावा ठरत नाही.

यावर उपाय म्हणून टी.३८ ही पद्धत १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली. तीत गेटवे फॅक्सचा सूर आवाज म्हणून पुढे पाठवत नाही. तो तिथेच उलगडून पानाची माहिती पॅकेटांतून, म्हणजे छोट्या तुकड्यांतून, पाठवतो, आणि प्रत्येक पॅकेटात आधीच्या पॅकेटांची प्रतही जोडता येते. आपल्या चित्रात टी.३८ बंद असून फॅक्स जी.७११ या आवाज पाठवण्याच्या पद्धतीवरून, म्हणजे साध्या आवाजासारखाच, जात आहे. कृपया टी.३८ सुरू करून फॅक्स यंत्राचा वेग सेकंदाला १४,४०० बिट्सवर आणावा, कारण ३३,६०० चा वेग टी.३८ च्या जुन्या आवृत्त्यांमध्ये समाविष्टच नाही.

मात्र टी.३८ आपल्या इंटरनेट टेलिफोनी सेवेनेही स्वीकारावे लागते. सुरू केल्यानंतर गेटवेच्या नोंदीत ४८८ हा क्रमांक दिसला, तर सेवेने ते नाकारले असे समजावे, आणि तसे असल्यास उपकरण बदलूनही तोच अनुभव येईल. उत्पादनाच्या माहितीत फॅक्सच्या ओळीखाली ही अट लिहिलेली आहे. सेवा बदलणे शक्य नसेल, तर जी.७११ च ठेवून जिटर बफर स्थिर करावा, शांततेत पॅकेटे थांबवणारी सोय बंद करावी आणि वेग ९,६०० ठेवावा. याने फरक पडतो, पण खात्री देता येत नाही.

फॅक्स यंत्रातील चूक-दुरुस्तीची सोय, म्हणजे ईसीएम, बंद केल्यास पाने लवकर जातात, असा सल्ला आपल्याला कोणीतरी दिल्याचे आपण लिहिले आहे. तो पाळू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यामुळे कॉल टिकतो, पण पानातल्या ओळी गळून किंवा विस्कटून जाऊ शकतात आणि तरीही यंत्र ‘पाठवले’ असे दाखवू शकते. आकडे किंवा सह्या असलेल्या कागदांसाठी हे तुटलेल्या कॉलपेक्षा अधिक धोक्याचे आहे. रोज मोठे फॅक्स पाठवावे लागत असतील, तर तेवढ्यासाठी एक साधी दूरध्वनी लाइन गेटवेच्या बाहेर ठेवावी, असे आम्ही खरेदीपूर्वी विचारणाऱ्यांनाही सांगतो, जरी त्यात आमची विक्री कमी होत असली तरी.

वरील बदलांनंतरही फॅक्स तुटला, तर त्या कॉलची गेटवेतील नोंद आमच्या सहाय्य विभागाकडे पाठवावी. ती इथे सार्वजनिकरीत्या टाकू नये, कारण तीत दोन्ही बाजूंचे दूरध्वनी क्रमांक असतात. नोंदीत उपकरणाचाच दोष आढळला, तर वॉरंटीनुसार ते बदलून दिले जाईल.