रेडी रेकनर कमी करून घर घेणाऱ्याला काय मिळणार?

एप्रिल २०२५ ला महाराष्ट्रात रेडी रेकनरचे दर (सरकारने ठरवलेले घर-जमिनीचे भाव, त्याहून कमी किमतीवर स्टॅम्प ड्युटी लागत नाही) वाढले तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर एकच वाद चालू आहे, सरकार मध्यमवर्गाला लुटतंय, दर खाली आणा. माझा मामेभाऊ डोंबिवलीत रीसेलचा टू बीएचके बघतोय, स्टॅम्प ड्युटी त्यालाच भरायची आहे त्यामुळे तो जास्त तापलाय आणि ते साहजिकच आहे. पण मी इथे इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला घर घेताना जे बघितलं त्यावरून मला मनापासून वाटतं की आपण चुकीच्या आकड्यावरून भांडतोय.

आमचं काय झालं ते आधी सांगतो. एका सेमी-डिटॅच्ड घराला आम्ही ४ लाख २० हजार पाउंडची ऑफर दिली, ती मान्य झाली. १० टक्के म्हणजे ४२ हजार आमचे, बाकी ३ लाख ७८ हजार मॉर्गेज, म्हणजे होम लोन. मग बँकेचा सर्व्हेअर (घराची किंमत ठरवणारा माणूस) घर बघून गेला आणि त्याने किंमत लावली ४ लाख. याला इथे डाउन व्हॅल्युएशन म्हणतात. बँक ९० टक्के देणार ते तिच्या माणसाने लावलेल्या किमतीवर, आपण कितीला घ्यायला तयार झालोय त्यावर नाही, म्हणजे ३ लाख ६० हजारच. विकणारा ४ लाख २० वर अडून बसला तर ४२ हजाराच्या जागी आम्हाला ६० हजार काढायला लागणार होते.

एजंटचं म्हणणं, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, फरक तुम्ही भरा. इथले आपले लोकही तेच सांगत होते की घर हातचं जाईल, भरून टाक. बायको म्हणाली एक पेनी जास्त द्यायची नाही, आधी बघू सर्व्हेअर बरोबर आहे का. आणि ते बघता येतं! लँड रजिस्ट्रीकडे, म्हणजे इथल्या सरकारी मालमत्ता नोंदणी खात्याकडे, इंग्लंड आणि वेल्समधलं कुठलं घर कितीला विकलं गेलं ते १९९५ पासून पत्त्यासकट, फुकट, कोणालाही बघायला मिळतं. त्याच रस्त्यावर, तेवढ्याच बेडरूमची, अलीकडे विकली गेलेली घरं काढली, ४ लाखांपेक्षा जास्त किमतीला एकच गेलेलं आणि त्याला मागे मोठं एक्स्टेन्शन होतं. म्हणजे सर्व्हेअर बरोबर होता.

मग व्हॅल्युएशनला आव्हान देण्यात अर्थ नव्हता, दुसऱ्या बँकेकडे जायचं तर पुन्हा फी आणि पुन्हा वेळ, आणि ४ लाखांवर ९५ टक्के लोन घेतलं असतं तर ३ लाख ८० हजार मिळून काम भागलं असतं पण व्याजदर चढा. म्हणून ती सगळी घरं एका ईमेलमध्ये किमतींसकट एजंटला पाठवली आणि लिहिलं की ४ लाख देतो, तुमचं दुसरं गिऱ्हाईक लोन घेणारं असेल तर त्याची बँकही हेच आकडे बघणार. विकणाऱ्यालाही पुढचं घर घ्यायचं होतं, एकमेकांवर अवलंबून असलेल्या व्यवहारांची सगळी चेन अडकलेली. शेवटी ४ लाख ५ हजाराला ठरलं. आमचे ४५ हजार गेले, स्टॅम्प ड्युटी पहिलं घर म्हणून ६,००० होती ती ५,२५० झाली. (ज्यांचा तिकडे ठाण्या-पुण्यात फ्लॅट नावावर आहे त्यांनी हे आधीच नीट विचारून घ्या, जगात कुठेही घर असलं तरी पहिल्या घराची सवलत जाते आणि तिकडचा तुमचा हिस्सा ४० हजार पाउंड किंवा जास्त किमतीचा असेल तर वर आणखी ५ टक्के लागू शकतात.)

आता डोंबिवली. विकणारा ८५ लाख मागतोय, त्यातले ७० कागदावर आणि १५ कॅश. बहुतेक बँका व्हॅल्युएशन आणि अॅग्रीमेंटची किंमत यातली जी कमी ती धरतात आणि ३० लाखांच्या वर ७५ लाखांपर्यंतच्या लोनला रिझर्व्ह बँकेची मर्यादा ८० टक्के. म्हणजे ७० वर जास्तीत जास्त ५६ लाख. भावाला स्वतःचे १४ अधिक कॅशचे १५ असे २९ लाख उभे करायचेत. तेच पूर्ण ८५ कागदावर आले आणि बँकेचं व्हॅल्युएशनही तेवढं आलं तर लोन ६८, त्याचे फक्त १७. वरच्या १५ लाखांवर स्टॅम्प ड्युटी सात टक्के धरा, १ लाख ५ हजार. एवढे वाचवायला तो १२ लाख जास्त जमवतोय! आणि उद्या तो विकायला गेला की त्याची खरेदी ७० चीच दिसणार, म्हणजे आज विकणाऱ्याने कॅश घेऊन नफ्यावरचा वाचवलेला टॅक्स उद्या हा भरणार.

आणि व्हॅल्युएशन कमी आलं तर त्याच्या हातात काहीच नाही, कारण शेजारचा फ्लॅट खरंच कितीला गेला हे त्याला कळायची सोय नाही. सूची क्रमांक २ (नोंदवलेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा) ऑनलाइन दिसते पण सर्व्हे नंबर किंवा दस्त नंबर माहीत पाहिजे, आणि सापडली तरी त्यातला आकडा कॅश सोडून.

आता यात रेकनर कुठे येतो? रेकनरपेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली करार केला की इन्कम टॅक्सवाले घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला दोघांनाही धरतात, म्हणून कागदावरची किंमत साधारण तिथेच थांबते. रेकनरचा तो आकडा खाली नेला की कॅशचाच भाग वाढणार आणि तो घेणाऱ्याच्या खिशातून जाणार. जिथे रेकनर खरंच बाजारभावापेक्षा जास्त आहे, म्हणजे लिफ्ट नसलेल्या जुन्या बिल्डिंगचा चौथा मजला वगैरे, तिथे अन्याय होतो हे मला मान्य आहे, मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो पण सामान्य माणूस ते झेंगट मागे लावून घेत नाही. ते सोपं व्हायलाच पाहिजे.

इंग्लंडचं सगळं चांगलं असंही नाही. इथे कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंज, म्हणजे दोघांच्या सह्यांचा बंधनकारक करार, होईपर्यंत कोणीही कधीही उठून जाऊ शकतो, दुसऱ्याने जास्त दिले म्हणून विकणारा तुम्हाला सोडू शकतो आणि सॉलिसिटर, सर्व्हेचे पैसे बुडतात. आपल्याकडे रजिस्टर केलेलं साठेखत (विक्रीचा आधीचा करार) त्यापेक्षा कितीतरी भक्कम, आणि नवीन प्रोजेक्टमध्ये रेरा कायद्याने करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांवर घ्यायला बंदी केली ते तर इथल्या लोकांना सांगितलं की हेवा वाटतो. स्कॉटलंडने मात्र २००८ पासून विकणाऱ्यालाच घर बाजारात आणायच्या आधी व्हॅल्युएशनसकट होम रिपोर्ट काढायला लावलाय, तसं आपल्याकडे रीसेलला करता येईल.

पण त्याच्याही आधी दोन साध्या गोष्टी पाहिजेत. व्हॅल्युएशनची फी आपल्याकडून घेतली तर बँकेने रिपोर्टची कॉपी न मागता हातात द्यावी. आणि नोंदणी विभागाच्या साइटवर नुसतं सोसायटीचं नाव टाकून तिथले सगळे व्यवहार किमतीसकट दिसावेत. ग्रुपवर रेकनर कमी करा अशी जी पिटिशन फिरतेय त्यात या दोन मागण्या घातल्या तर मी लगेच सही करतो.