ओला चमचा

आमच्या घरात गेली तेहतीस वर्षं एकच कायदा आहे. एका डब्यातला चमचा दुसऱ्या डब्यात जाणार नाही. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेला की आठवड्यात बुरशी, दह्यात आमटीचा डाव गेला की दह्याला हळदीचं टिकलं, आणि साखरेत चहाचा चमचा गेला की खडे. हा कायदा मोडणारा घरात एकच इसम आहे आणि तो माझा नवरा आहे. त्याच्या मते सगळं शेवटी पोटात एकत्रच जातं.

तर झालं असं, की डॉक्टरांनी माझा उजवा गुडघा बदलायचं नक्की केलं आणि ऑपरेशनआधीच्या तपासण्यांची यादी हातात दिली. ती वाण्याच्या यादीएवढी लांब होती. वर ताकीद, की रात्री जेवल्यावर सकाळपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. दादरला स्टेशनजवळच्या एका लॅबमध्ये सकाळी सातला पोचलो तर टोकन मिळालं 27. लॅबच्या दारातच चहाची टपरी. आलं ठेचल्याचा वास आत येत होता आणि आतली सव्वीस उपाशी माणसं एकमेकांकडे न बघता आवंढे गिळत होती. लॅबच्या दाराशी टपरी टाकायची परवानगी ज्याने दिली, त्याने आयुष्यात कधी फास्टिंगचं रक्त दिलेलं नसणार.

नंबर आला. आत विशी-बाविशीची मुलगी. "आंटी, हात सरळ." काकू नाही, मावशी नाही, आंटी. असो. तिने दंडाला रबरी पट्टा आवळला, कोपराच्या खळग्यात बोट दाबून पाहिलं, मग दुसरा हात, मग पुन्हा पहिला.

"आंटी, तुमची नस पळते."

गुडघ्याने घरी बसवलेल्या बाईच्या अंगात काहीतरी अजून पळतंय हे ऐकून मला बरंच वाटलं. ती मात्र घामाघूम. "मूठ उघडझाप करा, आंटी, जोरात." मी केली. शेवटी तिसऱ्या टोचणीला नस सापडली, रक्त सिरिंजमध्ये आलं आणि ती ते एकेका ट्यूबमध्ये ओतायला लागली. घाईत जांभळ्या झाकणाची ट्यूब रेघेच्या वर गेली आणि पिवळ्या झाकणाची राहिली अर्धी. तिने क्षणभर विचार केला, दोन्ही झाकणं काढली आणि जांभळीतलं थोडं पिवळीत ओतलं. माझ्याकडे बघून हसली. "परत टोचायला नको ना, आंटी."

आता खरं सांगायचं तर मला ती मुलगी तिथेच आवडली. तेलाची पिशवी कापून उलटी टांगणारी बाई मी. बाहेर येऊन यांना म्हटलंसुद्धा, "मुलगी संसारी आहे हो. थेंब वाया घालवला नाही."

संध्याकाळी साडेसातला रिपोर्ट मोबाइलवर आला. पोटॅशियम 8.1. शेजारी नॉर्मल छापलं होतं 3.5 ते 5.1. कॅल्शियम 5.8, आणि ते हवं साडेआठच्या वर. दोन्ही आकडे ठळक, लाल. पुढचा तासभर आमच्या घरात पोटॅशियम या विषयावर परिसंवाद झाला. मुलाने पुण्याहून इंटरनेट वाचून दाखवलं आणि मधलीच दोन वाक्यं गाळली, ती मला बरोबर कळली. ठाण्याहून वन्संचा फोन आला, की शहाळं बंद, बटाटा बंद, केळ्याकडे बघायचंसुद्धा नाही. यांनी टेबलावरची चार केळी तत्परतेने उचलली आणि "तुझ्या डोळ्यांसमोर नकोत" म्हणत गॅलरीत उभं राहून खाल्ली. रात्रभर मी छातीवर हात ठेवून ठोके मोजत होते. दर वेळी वेगळा आकडा यायचा, कारण मध्येच यांच्या घोरण्याने मोजणी चुकायची.

सकाळी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्यांनी कागद पाहिला, मग मला पाहिलं, मग पुन्हा कागद.

"वर कशा आलात?"

"जिन्याने. कठडा धरून."

"काकू, हे पोटॅशियम खरं असतं ना, तर तुम्हाला जिन्याने नाही, स्ट्रेचरवर आणावं लागलं असतं." तरी त्यांनी ईसीजी काढला. सुतासारखा सरळ नव्हता, तसा नसलेलाच बरा असतो म्हणे, पण अगदी व्यवस्थित होता. मग चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारलं, "जांभळ्या ट्यूबमधलं रक्त पिवळ्या ट्यूबमध्ये ओतलं होतं का कुणी?"

पत्रिका न बघता लग्नाचं साल सांगणाऱ्या ज्योतिषाकडे बघावं तसं मी त्यांच्याकडे पाहिलं.

भानगड अशी. जांभळ्या ट्यूबच्या आतल्या भिंतीवर ईडीटीए नावाचं औषध असतं. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं आणि ईडीटीए ते कॅल्शियमच पकडून बसतं, म्हणून त्या ट्यूबमधलं रक्त पातळ राहतं आणि पेशी नीट मोजता येतात. पण हे ईडीटीए पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात घातलेलं असतं. त्याचा अंश पिवळ्या ट्यूबमध्ये गेला की यंत्राला पोटॅशियम आभाळाला टेकलेलं दिसतं आणि कॅल्शियम पाताळात. दोन्ही एकदम दिसले की डॉक्टर आधी रोग्यावर नाही, ट्यूबवर संशय घेतात. आणि ती जोरजोरात मूठ उघडझाप? त्यानेही पोटॅशियम वाढतं. म्हणजे त्या लॅबमध्ये मी स्वतःच्या हाताने, अक्षरशः, भर घातली होती.

थोडक्यात, लोणच्याचा चमचा दह्यात गेला होता. माझ्या देखत. आणि मी त्या चमच्याचं कौतुक करून आले होते. यांनी घरी येईपर्यंत एक शब्द काढला नाही, पण अख्खा रस्ता शीळ घालत होते.

दुसऱ्यांदा रक्त द्यायचं तर घरीच, असं मी ठरवलं. सकाळी साडेसहाला बेल वाजली. पाठीला सॅक अडकवलेला मुलगा, कल्याणहून पहाटेच्या लोकलने आलेला. "काकू, बसा आरामात." काकू! निम्मी लढाई तिथेच जिंकली. त्याने जेवणाच्या टेबलावर छोटा स्टँड मांडला. निळी, पिवळी, जांभळी, राखाडी. मी खुर्ची पुढे ओढली.

"जांभळी आधी घेणार नाहीस ना?"

तो थबकला. "नाही काकू. निळी आधी."

"का?"

बिचाऱ्याला पहाटेपासून कुणी तोंडी परीक्षा घेईल अशी कल्पना नसावी, पण त्याने न अडखळता सांगितलं. या ट्यूबमध्ये हवा काढलेली असते, त्यामुळे सुई नसेत गेली की ट्यूब आपलं रक्त आपणच ओढून घेते. सुई एकच राहते, ट्यूब मागून एकेक लावायच्या. पण मागच्या बाजूची सुई प्रत्येक ट्यूबच्या बुचातून आत जाते आणि आतल्या औषधाचा थेंबभर पुढच्या ट्यूबमध्ये नेऊ शकते. म्हणून क्रम ठरलेला. निळ्यात सायट्रेट, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायला. एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त, रेघेपर्यंत म्हणजे रेघेपर्यंतच. मग पिवळी, मग जांभळी, राखाडी सगळ्यात शेवटी.

"आणि या सगळ्यांच्या आधी कुठली असते?" मी विचारलं. रात्री वाचून ठेवलं होतं.

"ब्लड कल्चरच्या बाटल्या. जंतू बघायच्या. तुम्हाला नाहीत." त्या बाटल्यांना दुसऱ्या कशाचाही स्पर्श झालेला चालत नाही. माझ्या आजेसासूबाई सोवळ्यात स्वयंपाक करायच्या, त्यांना हे दोन मिनिटांत समजलं असतं.

"काकू, तुम्ही लॅबमध्ये होतात का?"

"नाही रे. स्वयंपाकघरात."

पट्टा बांधला तो मिनिटभराच्या आत सोडण्यासाठीच. "मूठ नुसती धरा, उघडझाप नको." नस या वेळी पळाली नाही, मुलाचा हात बघूनच गप्प बसली असावी. पहिली ट्यूब मागून दाबली तसा बारीक चुक् असा आवाज झाला आणि आत रक्ताची पिचकारी उडाली. निळी काढून त्याने तीन-चारदा हलकेच उलटीपालटी केली, पिवळी पाचदा, जांभळी आठ-दहादा. हलवत नव्हता, तान्ह्या बाळाला कुशीवर वळवावं तसं करत होता. जोरात हलवलं की पेशी फुटतात, आणि पेशींच्या पोटात भरपूर पोटॅशियम असतं. पुन्हा तेच!

राखाडीचं त्याने सांगितलं ते मला फार लागलं. त्यात फ्लोराइड असतं, कारण काढलेल्या रक्तातल्या पेशी जिवंतच असतात आणि ट्यूबमध्ये बसून साखर खात राहतात, तासाला साधारण 5 ते 7 टक्के. फ्लोराइड त्यांचं खाणं थांबवतं. म्हणजे बारा तास चहावाचून मी तळमळायचं आणि माझ्याच पेशी बाहेर पडल्या पडल्या माझ्याच साखरेवर ताव मारणार.

जांभळ्या ट्यूबमधूनच रक्तगटही बघणार होते. माझ्या मनात उगाच एक आशा होती. 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी इथे मुंबईत एक अतिदुर्मीळ रक्तगट शोधून काढला. त्या गटाच्या माणसाला ओ गटाचं रक्तसुद्धा चालत नाही. 1995 मध्ये शहराचं नाव मुंबई झालं, पण तो गट अजून 'बॉम्बे'च आहे, हायकोर्टासारखा. जन्म गिरगावातला, संसार दादरला, म्हटलं असलाच तर आपला असावा. यांनी पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं, "बी पॉझिटिव्ह आहेस तू. बाळंतपणाच्या फायलीत लिहिलंय."

बोळा दंडावर दाबून मी चहा टाकला. एवढ्या शिस्तीच्या मुलाला तसंच कसं पाठवायचं? त्याने नको नको म्हणत कप घेतला, ढवळला, एक घोट घेतला.

"काकू, साखर थोडी..."

मी डबा पुढे केला. आणि त्या मुलाने, निळी-पिवळी-जांभळी-राखाडीवाल्या त्या मुलाने, चहा ढवळलेला, निथळता चमचा सरळ साखरेच्या डब्यात खुपसला.

यांनी पेपर खाली ठेवला. चेहऱ्यावर असा आनंद मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. मी तोंड उघडलं.

"नाश्ता करून घ्या हं काकू," मुलगा म्हणाला. "दोन तासांनी येतो मी परत. पीपीचं, म्हणजे खाल्ल्यानंतरच्या साखरेचं, रक्त घ्यायचंय ना."

मी डबा त्याच्याकडे आणखी थोडा सरकवला.