कंपन्या युनियनने घालवल्या? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

उत्तराला आठवडा लागला. वाटलं होतं, दोन ओळींत आटपेल. पण तुमची प्रतिक्रिया तिसऱ्यांदा वाचली आणि लक्षात आलं की त्यातलं निम्मं मला पटतंय. मग दोन ओळींत कसं आटपणार?

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कामगाराचं बळ कंत्राटी पद्धतीने गेलं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. साहेबांनी पर्सोनेल खात्यात तीस वर्षं काढली आहेत. त्यांचं म्हणणं असं, की लेख एकतर्फी आहे, कारखाने कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या संपाने आणि रोजच्या गेट मीटिंगांनी गेले, कोरिया युनियनला दाबून पुढे गेला, आणि कायदा एवढा जाचक असताना मालकाने कंत्राटदार आणला तर त्याचं काय चुकलं?

आधी पटलं ते. युनियनचा दोष मी लिहिलाच नाही. का नाही लिहिला, ते सांगतो. माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत कायम होते, युनियनच्या कमिटीवरही होते. खंडेनवमीला मशीनची पूजा असायची आणि त्या दिवशी घरच्यांना आत सोडायचे. लेथला झेंडूचे हार, फरशी धुऊन लख्ख. कायम कामगाराला पेढे आणि स्टीलचा मोठा डबा मिळायचा. आदल्या रात्री ती मशीनं घासून, लोखंडाची चुरी घमेल्यांनी बाहेर टाकणारी कंत्राटी पोरं गेटपाशी उभी असायची. त्यांना कागदात गुंडाळलेले दोन पेढे. मी वडिलांना विचारलं, त्यांना डबा का नाही? म्हणाले, "ते आपल्या मस्टरवर नाहीत." म्हणजे कंपनीच्या हजेरीपटावर. डब्यांची यादी मॅनेजमेंट नाही, कमिटी करायची. तो डबा अजून आमच्याकडे आहे, त्यात गव्हाचं पीठ असतं.

तेव्हा हो, युनियनने आपल्याच शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मोजलं नाही. पण साहेब, मोजायचं कुणाला हे कायद्यानेच ठरवून दिलं होतं. १९७६ च्या दुरुस्तीने ३०० किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्याला कामगार कपातीसाठी आणि कारखाना कायमचा बंद करण्यासाठी सरकारची परवानगी लागू लागली. पुढे तो आकडा १०० वर आला. हे संरक्षण मस्टरवरच्या माणसाला होतं, मग मस्टर आखूड ठेवणं आलंच. २४० दिवस भरले की कायम करायची वेळ येते, म्हणून त्याआधीच ब्रेक, म्हणजे काही दिवस कामावरून कमी करायचं. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा होता, पण २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल या सरकारी पोलाद कंपनीच्या खटल्यात सांगितलं की कंत्राट बंद झालं तरी कामगार आपोआप मूळ कंपनीचा होत नाही. त्यानंतर कंत्राटी कामगाराने कुणाच्या दारात मागणीपत्र घेऊन जायचं? नव्या औद्योगिक संबंध संहितेत परवानगीचा आकडा पुन्हा ३०० आहे. कायदा जाचक होता म्हणून कंत्राटदार आला असं असेल, तर आता तो जायला हवा. बघू.

संपाबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतले अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर बाहेर पडले, ते फक्त पगारासाठी नव्हे. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटीचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला दिला होता, आणि ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार सामंतांच्या मागे, सही दुसऱ्याची. संप मिटवायला टेबलावर बसायचं कुणी? आणि कापड तोवर आपल्याच जिल्ह्यात, भिवंडीच्या यंत्रमागांवर निघून चाललं होतं. युनियन नसलेल्या भिवंडीतला कारागीर त्यामुळे श्रीमंत झालेला मी तरी पाहिला नाही.

कोरियाचं तुमचं अर्धं बरोबर. १९८७ पर्यंत दाबलं. त्या वर्षी जुलै ते सप्टेंबरमध्ये तीन हजारांवर संप-तंटे झाले, उल्सानच्या जहाज आणि मोटार कारखान्यांपासून. पगार झपाट्याने वाढले आणि कारखाने टिकले.

खरं तर मला बोलायचंय ते माथाड्यांबद्दल, म्हणजे बाजारात ओझी वाहणाऱ्या हमालांबद्दल. त्यांचा उल्लेख तुम्ही केला नाहीत आणि मीही नाही, हे जरा लाजिरवाणं आहे, कारण वाशीचा बाजार आपल्या डोळ्यांसमोर आहे. सातारा-सांगलीकडून आलेला हमाल, आज या गाळ्यावर, उद्या त्या. त्याचा मालक कोण हे ठरवताच येत नाही. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला आणि त्याने तो प्रश्नच बाजूला ठेवला. माणसाची नोंद मंडळाकडे. मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवर ठरलेली जादा टक्केवारी, व्यापाऱ्याने मंडळात भरायची, मंडळाने टोळीला पगार द्यायचा. पीएफ, बोनस, ग्रॅच्युइटी त्यातूनच. मंडळावर कामगार, मालक आणि सरकार, तिघेही. कोपरखैरणे-घणसोलीतली माथाड्यांची घरं बघा. पाठीवर पोतं वाहणाऱ्याला हे मिळालं, आणि आमच्या वडिलांच्या कंपनीतल्या चुरी उचलणाऱ्याला नाही.

माथाडीच्या नावाने खंडणी मागणारे आहेत, हे तुम्ही लिहिणारच, म्हणून आधीच कबूल करतो. कामाला हात न लावता पावती फाडणाऱ्यांनी नाव घालवलंय. पण घोडबंदर रोडवर मोटारसायकलवरून जेवण पोचवणाऱ्या पोराचाही मालक सापडत नाही. सामाजिक सुरक्षा संहितेत त्याच्यासाठी कंपनीने उलाढालीच्या एक ते दोन टक्के भरायचे आहेत. निधी ठीक आहे. पण दर कमी झाला तर तो कुणाशी भांडणार? माथाड्याला निदान समोर मंडळ आहे.

एक विनंती. प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय, "आम्हीही दर सात महिन्यांनी यादी बदलायचो." २४० दिवस भरायच्या आत बदलायच्या त्या यादीबद्दल लिहा ना. नावं कोण काढायचं, काढलेल्यांना गेटवर कोण सांगायचं, त्यातले पुन्हा किती जण यायचे. कंपनीचं नाव नको. लिहून पाठवलंत तर शब्दही न बदलता इथे छापतो.