'स्थानिक' म्हणजे नक्की कुठलं?

'स्थानिक माल' अशी पाटी दिसली की पुढचा प्रश्नच कुणी विचारत नाही. अहो, पण स्थानिक काय? पिकवलं जवळ, बनवलं जवळ, की पोत्यातून ओतून पाकिटात भरलं तेवढंच जवळ? उत्पादक, पॅकिंग करणारा आणि विक्रेता ही तीन वेगळी माणसं असू शकतात. जवळचा पत्ता यातल्या कुणाचा, ते बारीक अक्षरात असतं. तेच वाचायचं! मूळ देश ठरवतानाही वस्तूत शेवटचा मोठा बदल कुठे झाला हे पाहिलं जातं. सुटे भाग भले चार देशांतून आलेले असोत.

अमेरिकेच्या २००८ च्या शेती कायद्याने तर ४०० मैलांच्या आतलं अन्नही 'स्थानिक' धरलं. म्हणजे जवळजवळ ६४० किलोमीटर!

आणि 'जवळचं म्हणजे प्रदूषण कमी' हे पालुपद आता पुरे. तिथल्याच २००८ च्या एका अभ्यासात अन्नाच्या हरितगृह वायूंत सगळ्या वाहतुकीचा वाटा सुमारे ११ टक्के निघाला, उत्पादनाचा ८३. बिगरहंगामी पीक इंधन जाळून तापवलेल्या काचघरात घेतलं, तर ते शेजारच्या शेतातलं असूनही जड पडतं.

जवळचं घ्यायला भक्कम कारणं आहेत: पैसा आसपास फिरतो, कामगाराची स्थिती डोळ्यांनी पाहता येते. पण त्यासाठी धंद्याची मालकी कुणाची, मजुरी किती, कच्चा माल कुठला, हे विचारावं लागतं. पाटीवर यातलं काहीच लिहिलेलं नसतं.