‘मुक्या जिवाला कॅबिनेटात कोंडून काय मिळवलंत?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया ‘अनामित’ म्हणून आली आहे, त्यामुळे नावाने हाक मारता येत नाही. ती दोन ओळींत उरकण्यासारखी नाही, म्हणून सवडीने लिहितोय. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. फिशटँक बसवलेलं कॉम्प्युटर कॅबिनेट घरी कसं बनवलं, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की वीज आणि पाणी एका पेटीत ठेवणं म्हणजे आगीशी खेळ आहे, बोर्डाच्या उष्णतेने मासा शिजेल, टाकीच्या वाफेने मदरबोर्ड सडेल, आणि हा सगळा खटाटोप फोटोसाठी आहे. शेवटी ‘लेख काढून टाका’ असंही सुचवलंत. बरीच वर्षं मासे पाळताय असं म्हणता, तर माशापासूनच सुरुवात करू.

टाकी आतून ४५ सेंटिमीटर लांब, २५ रुंद, ३० उंच आहे. वरून थोडी रिकामी ठेवतो, त्यामुळे खडी वजा जाता पाणी २८ लिटरच्या आसपास भरतं. त्यात एकच फायटर (बेटा) मासा आहे आणि काही गोगलगायी. दुकानात हाच मासा प्लॅस्टिकच्या ग्लासात ठेवलेला असतो आणि ‘हा वरून हवा घेतो, एवढंसं पाणी पुरतं’ असं सांगून गळ्यात मारतात. फायटरला कल्ल्यांखेरीज हवेतला ऑक्सिजन घेणारा वेगळा अवयव असतो हे खरंच. पण त्याने माशाच्या घाणीतून पाण्यात साचणारा विषारी अमोनिया कमी होत नाही. ग्लासातला फायटर गुदमरत नाही, स्वतःच्या घाणीत मरतो. एका फायटरला निदान वीस लिटर तरी पाणी हवं असं जाणकार सांगतात, त्या हिशेबात आपण बसतो. यापेक्षा लहान टाकीचं माप मागणारे दोन-तीन निरोप आले होते, त्यांना मी माप दिलेलं नाही.

आता उष्णता. इथे आकडे तुमच्या बाजूने आहेत. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण ४.२ किलोज्यूल लागतात, म्हणजे २८ लिटरला जवळपास ११७. पासष्ट वॅटच्या प्रोसेसरची सगळी उष्णता पाण्यात उतरली तर अर्ध्या तासात पारा एक अंश चढेल. ग्राफिक्स कार्ड धरून १८० वॅट झाले तर अकरा मिनिटांतच. कुणी संध्याकाळभर गेम खेळत बसलं तर माशाचं काय होईल ते सांगायला नको. शिवाय पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो, २५ अंशांना लिटरमागे ८.३ मिलिग्रॅम तर ३० अंशांना ७.६.

म्हणूनच या कॅबिनेटात पाण्याचा आणि प्रोसेसरचा काडीचाही संबंध ठेवलेला नाही. प्रोसेसरवर साधा पंख्याचा कूलर आहे. डावीकडे टाकी, उजवीकडे बोर्ड, मध्ये एक नाही दोन भिंती आणि त्यांच्यात दोन बोटं मोकळी जागा, खालून-वरून उघडी. बोर्डाची गरम हवा मागच्या पंख्याने थेट खोलीत जाते. ‘टाकीचंच पाणी फिरवून कूलिंग केलं तर?’ असं विचारणाऱ्यांनाही मी नाहीच म्हटलं होतं. उष्णता सोडा, प्रोसेसरवर बसवायचे कूलिंगचे ब्लॉक बहुतेक तांब्याचे असतात, आणि पाण्यात उतरलेलं तांबं गोगलगायींना आणि कोळंबीला विष आहे.

टाकीचं पाणी खोलीइतकंच गरम असतं. आमच्या डोंबिवलीत मे महिन्यात तेवढंही पुष्कळ होतं! पाण्यावरून छोटा पंखा फिरवला की बाष्पीभवनाने दोन-एक अंश उतरतात. पण हवा दमट असेल तर तेही नाही, आणि आटलेलं पाणी रोज वरून घालावं लागतं. अर्थात हा प्रश्न कॅबिनेटचा नाही. टाकी टीव्हीशेजारी ठेवली असती तरी तो असताच.

विजेबद्दल मात्र तुमचं बोट चुकीच्या जागी आहे. मदरबोर्डला १२ व्होल्ट डीसीच्या वर काही जात नाही. घरोघरच्या टाक्यांत २३० व्होल्टचा पंप आणि हीटर सरळ पाण्यात बुडवलेले असतात, आणि आपण त्यात हात घालून खडी साफ करतो. धोका मोजायचाच तर तिथून मोजा. या टाकीत बुडालेली एकही विजेची वस्तू नाही. फिल्टर स्पंजचा, तो बाहेरच्या एअर पंपावर चालतो, पाण्यात जाते ती फक्त हवेची नळी. लाइट १२ व्होल्टचा. मुंबईच्या हवेत हीटर लागत नाही.

हवेच्या नळीलाही पंपाजवळ नॉन-रिटर्न व्हॉल्व आहे, म्हणजे एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. वीज गेली की पंप थांबतो आणि टाकीतलं पाणी त्याच नळीने उलटं बाहेर येऊ शकतं, अनेकांच्या घरी सकाळी फरशीवर तळं सापडतं ते यामुळेच. इथे पंप बंद केला की नळीत पाणी थोडं वर चढतं आणि तिथेच उभं राहतं, व्हॉल्व पुढे जाऊ देत नाही. लाइटची वायर सॉकेटच्या खालपर्यंत मुद्दाम सैल सोडून मग वर घेतली आहे. वायरीवरून घरंगळलेला थेंब त्या वाकाच्या तळाशी लोंबतो आणि खालच्या ट्रेमध्ये पडतो, सॉकेटपर्यंत चढत नाही. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, उजव्या खणात सगळ्यात वर आहे. बोर्डाचा तळ टाकीच्या तळापेक्षा वीतभर उंच, आणि ट्रेचं भोक डाव्या बाजूला बाहेर उघडतं. टाकी फुटलीच तर पाणी फरशीवर जाईल, बायकोची बोलणी खावी लागतील, पण बोर्ड कोरडा राहील. शिवाय लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे, म्हणजे विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच. तो तुमच्या टाकीच्या लाइनवर आहे का, तेवढं बघून घ्या. तयार मिळणाऱ्या काही कॅबिनेटांत टाकी वर आणि बोर्ड खाली असतो. ती रचना मला पटत नाही, तिथे तुमची टीका अगदी चपखल बसेल.

वाफेचं भय तेवढं मोठं नाही. दव धरतं ते हवेपेक्षा थंड वस्तूवर, आणि चालू कॉम्प्युटरचा कुठलाच भाग खोलीपेक्षा थंड नसतो. टाकीवर काचेचं झाकण आहे, बोर्डाच्या खणात हवा दुसऱ्या बाजूने येते. जुलैतल्या आमच्या हवेपुढे त्या झाकणातून निसटणारी वाफ म्हणजे किस झाड की पत्ती.

टाकी मी फ्लोट काचेची, ६ मिलिमीटरची केली. बुरशीनाशक घातलेलं बाथरूमचं सिलिकॉन स्वस्त मिळतं, पण ते माशांना बाधतं. साधं घ्यायचं आणि व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत पाण्याचा थेंब घालायचा नाही. मग बाल्कनीत वर्तमानपत्रावर टाकी ठेवून काठोकाठ भरली. कागद भारी चुगलखोर असतो. डोळ्यांना न दिसणारी गळती त्यावर शाईच्या डागासारखी पसरते. पाणी, खडी, काच मिळून वजन चाळीस किलोच्या वर जातं, म्हणून खाली मरीन प्लाय आणि त्यावर थर्माकोल. थर्माकोलमुळे बोर्डाच्या पंख्यांची थरथरही काचेपर्यंत कमी पोचते. मासे अंगावरच्या रेषेने पाण्यातली कंपनं टिपतात, त्यामुळे फिरणारी हार्डडिस्क न लावता आत काहीच न फिरणारी एसएसडी लावली. रंगीत लाइट नाहीत. मधल्या भिंती अपारदर्शक आहेत आणि टाकीचा दिवा टायमरवर. रात्री मी काम करत बसलो तरी माशाला अंधार मिळतो.

‘तेलात बुडवलेले कॉम्प्युटर बरे, त्यात मासा तरी नसतो’ असंही तुम्ही लिहिलंय. अमेरिकेतल्या प्युजेट सिस्टिम्सने २००७च्या सुमारास तसा कॉम्प्युटर बनवून दाखवला होता. मिनरल ऑइलमधून वीज वाहत नाही, म्हणून अख्खा बोर्ड बुडवता येतो. छान दिसतो, पण एक रॅम बदलायची तर कोपरापर्यंत तेल, आणि वायरींच्या आतून ते हळूहळू वर चढतं ते वेगळंच. ‘आजकालचं फॅड’ म्हणाल तर १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच तंत्रज्ञानावर लिहिणाऱ्या अँडी इनाटको यांनी ॲपलच्या जुन्या मॅक कॉम्प्युटरच्या खोक्यात टाकी बसवायची पद्धत लिहून लोकांना दिली होती. त्यात कॉम्प्युटर मात्र उरत नसे.

एक तुमचं शंभर टक्के मान्य. यात कॉम्प्युटरचा फायदा शून्य आहे. तो थंड होत नाही, शांत होत नाही, उलट जागचा हलवता येत नाही. बोर्ड उजव्या बाजूने सरकवून बाहेर काढता येतो म्हणून निभतंय. मग केलं कशाला? घरात टेबल एकच आहे, मासा हवा होता आणि सुतारकाम आवडतं. फोटो नंतर काढले.

लेख काढणार नाही. तुमच्या सांगण्यावरून एवढं केलं की टाकी भरून त्याच दिवशी मासा सोडू नका, ही ओळ शेवटून उचलून सुरुवातीला आणली. अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू स्पंजमध्ये वाढायला चार-सहा आठवडे लागतात, आणि फोटो बघून टाकी करणाऱ्याला तेवढा दम नसतो.

आता तुम्ही एक सांगा. इतकी वर्षं मासे पाळताय, तर मे महिन्यात पाणी तिसाच्या खाली कसं ठेवता? बर्फाची बाटली सोडणं मला पटत नाही, पारा फार झटक्यात खाली-वर होतो. दुसरा काही उपाय असेल तर खाली लिहा.