बोडीतला तो पिवळा खेकडा विदेशी नव्हता

पोस्ट जरा लांब होईल, पण वाचा. गावाच्या ग्रुपवर या खेकड्यावरून दोन दिवस जे चाललं ते पाहून राहवलं नाही म्हणून लिहून राहिलो.

गणपतीच्या सुट्टीत भाचा नागपूरवरून आला होता, त्याला घेऊन रविवारी सकाळी बोडीवर, म्हणजे आमच्या छोट्या तळ्यावर, गेलो गरी टाकायला. आमचं गाव गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इकडे तलाव-बोड्यांची काही कमी नाही, कोहळी समाजाच्या जुन्या लोकांनी बांधलेले तलाव आजही धानाला पाणी देतात. रोवणी होऊन बरेच दिवस झालेले, बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, हिरव्यागार, आणि मी सुट्टीच्या दिवशी दोन-तीन तास पाळीवर बसतो म्हणजे बसतोच, मासा लागला तर लागला, नाही तर पाणी पाहून घरी.

त्या दिवशी गांडूळ लावलं होतं. थर्माकोलचा तुकडा हळूच बुडायला लागला, मासा देतो तसा झटका नाही, नुसतं ओझं. वर ओढलं तर गांडूळ धरून लटकलेला खेकडा, पाण्याच्या वर आला की हे लोक सोडून देतात आणि खाली पडतात म्हणून भाच्याने पटकन खाली दुपट्टा धरला आणि तो त्यात पडला. आता खेकडा आम्ही लहानपणापासून पाहतो, धुऱ्यातल्या, म्हणजे शेताच्या बांधातल्या, बिळात हात घालून काढलेला आहे, नांगीने बोट फोडून घेतलेलं आहे. आमचा खेकडा म्हणजे काळपट तपकिरी, पाठीवर चिखल-शेवाळ बसलेलं. हा मात्र स्वच्छ, पिवळसर, पाय जवळजवळ नारिंगी, पाठ चकचकीत, आणि एक नांगी ही एवढी मोठी तर दुसरी बाहुलीला लावावी तेवढीशी. मी पंचेचाळीस वर्षांत असा पाहिला नव्हता हे खरं सांगतो.

भाच्याने लगेच फोन काढला. त्याच्याकडे ते फोटो काढला की प्राण्याचं नाव सांगणारं ॲप आहे, त्याने तीनदा फोटो काढले आणि तिन्ही वेळा ॲपने अमेरिकेच्या समुद्रातल्या खेकड्याचं नाव सांगितलं, ब्लू क्रॅब. पोराने ते गावाच्या ग्रुपवर टाकलं आणि मग काय, अर्ध्या तासात चाळीस मेसेज. कोणी म्हणे विदेशी आहे, बोडीत परत सोडू नका, सगळे मासे संपवेल. कोणी म्हणे विषारी आहे, हात लावू नका. एकाने तर लिहिलं की दिसला की ठेचा, आणि त्याला अंगठे मिळाले बारा. त्या बारा अंगठ्यांचं मला खरंच वाईट वाटलं, कारण त्यात धुऱ्यावरचे खेकडे खाऊन मोठे झालेले माझे वर्गमित्र होते.

लोकांची भीती अगदीच खोटी आहे असं मी म्हणत नाही. बाहेरून आणलेल्या माशाने पाण्याची काय वाट लागते ते आपण पाहिलेलं आहे, आफ्रिकन मांगूर पाळायला २००० सालापासून सरकारची बंदी आहे ती उगाच नाही, तो दिसेल ते खातो. पण म्हणून ओळख न पटवता ठेचा म्हणायचं? आधी नीट पाहा तरी.

आम्ही पाळीवरच बसून पाहिलं. ॲपने ज्या खेकड्याचं नाव दिलं त्याचा फोटो भाच्याने मोठा करून दाखवला, त्याच्या शेवटच्या पायांची टोकं वल्ह्यासारखी चपटी, पोहण्यासाठी. आमच्या हातातल्याचे आठही पाय टोकाला अणकुचीदार, चालायचे आणि उकरायचे पाय. म्हणजे तो नाहीच. दुसरं म्हणजे समुद्रातल्या खेकड्याचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा खेकड्यासारखं दिसतसुद्धा नाही, डोळ्यांनी जेमतेम दिसेल एवढा काट्याकाट्यांचा जीव असतो, तो खाऱ्या पाण्यात तरंगत वाढतो आणि बऱ्याच वेळा कात टाकून मग खेकडा होतो. आमच्या बोडीत समुद्राचा खेकडा कोणी आणून टाकला तरी त्याचा वंश वाढणार कुठे? आपलं पाणी वैनगंगेला, वैनगंगा पुढे वर्धेला मिळून प्राणहिता, प्राणहिता गोदावरीत, तेव्हा कुठे बंगालचा उपसागर. आपला गोड्या पाण्याचा खेकडा वेगळा आहे, त्याची मादी अंडी पोटाखाली घेऊन फिरते आणि अंड्यातून थेट छोटे छोटे खेकडेच निघतात, तेही काही दिवस आईच्या पोटालाच धरून असतात. त्याला समुद्र लागतच नाही, म्हणून तर तो बोडीत, नाल्यात, धुऱ्यात, डोंगरात कुठेही राहू शकतो.

मग त्याला पालथा केला. हे मी सगळ्यांना सांगतो, खेकडा ओळखायचा असेल तर पाठीवर काय आहे त्यापेक्षा पोटावर काय आहे ते पाहा. पोटावर एक झडप असते, ती अरुंद असेल तर नर, रुंद आणि जवळजवळ सगळं पोट झाकणारी असेल तर मादी. हा नर होता.

पण रंगाचं कोडं सुटत नव्हतं. तेवढ्यात ढिवर, म्हणजे मासेमार, मोहल्ल्यातली आजी शेळ्या घेऊन पाळीवरून चालली होती, थांबली. सत्तरीची असेल, हयात मासे-झिंगे-खेकडे विकण्यात गेली. म्हणाली, काऊन रे बाबू, येवढं काय पाहून राहिले दोघं? दाखवला. तिने तो मागून दोन बोटांत धरला, अंगठ्याने पाठीच्या कडेला दाबलं, कवच किंचित आत गेलं आणि परत आलं. म्हणाली, नवं आंग घेतलं हाय त्यानं, चार-आठ दिस झाले असतील. मी विचारलं, चार-आठ दिवस कशावरून? तर म्हणे, अगदी मऊ असते तेव्हा तो बिळातून निघतच नाही, खात नाही, त्याला कोणीही खाऊन टाकंल ना. कडक व्हायला लागला की मग भुकेनं सुटते, तवाच तुझ्या गरीले आला. आणि ही बारकी नांगी? ती म्हणे बगळ्यानं नाहीतर दुसऱ्या खेकड्यानं तोडली असंल, नवी फुटून राहिली, आणखी दोन-तीनदा कात टाकली की होते मोठी.

एका मिनिटात सगळं सांगून ती शेळ्यांमागे गेली. भाचा तिच्या पाठीकडे पाहतच राहिला.

खेकड्याचं कवच वाढत नाही, अंग वाढलं की जुनं कवच मागून फाटतं आणि तो त्यातून पाय-नांग्या-डोळ्यांसकट बाहेर येतो. जुन्या कवचावरचं शेवाळ, चिखलाचे डाग, ओरखडे सगळं मागे राहतं. नवा खेकडा स्वच्छ, फिक्या रंगाचा, तोच प्राणी असून ओळखू न येणारा. म्हणून रंगावरून खेकडा ओळखायला जाऊ नका, फसाल.

संध्याकाळी तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे एक सर ओळखीचे आहेत त्यांना फोटो पाठवले, वरून, खालून, तोंडाकडून. त्यांचं उत्तर मला फार आवडलं. म्हणाले, हा बॅरिटेल्फुसा कुळीतला आहे, आपल्या महाराष्ट्राचाच, पण नेमकी जात मी फोटोवरून सांगणार नाही, कारण नराच्या पोटाच्या झडपेखाली दोन बारीक काड्यांसारखे अवयव असतात त्यांचा आकार पाहून जात ठरते. एवढं शिकलेला माणूस माहीत आहे तेवढंच बोलतो आणि ग्रुपवर पाच सेकंदांत विषारी म्हणून निकाल! सरांनीच सांगितलं की याच कुळीतल्या कुनिक्युलॅरिस नावाच्या जातीचं शास्त्रीय वर्णन १८३६ साली छापून आलं, कंपनी सरकारच्या फौजेतला सायक्स नावाचा अधिकारी दख्खनमध्ये हे जमिनीवर फिरणारे खेकडे पाहून चकित झाला होता आणि वेस्टवूड नावाच्या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने त्या जातीला नाव दिलं, लॅटिनमध्ये त्या नावाचा अर्थ बिळाशी संबंधित. धुऱ्याला भोक पाडून बांधीचं पाणी सोडणारा आपला नेहमीचा गडी तो!

आता माझं म्हणणं. ते ॲप खोटं बोललं नाही, त्याला जे फोटो दाखवले गेले तेच ते ओळखतं. अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या खेकड्याचे लाखो फोटो लोकांनी टाकलेत, आमच्या बोडीतल्या खेकड्याचे कोणी टाकले? जगात गोड्या पाण्याच्या खेकड्यांच्या तेराशेच्या वर जाती आहेत, भारतात शंभराच्या वर, आणि २०१६ साली सह्याद्रीतून एका झटक्यात पाच नव्या जाती जाहीर झाल्या कारण तिकडे कोणीतरी पावसात, दगडात, बिळात पाहिलं. आपल्या झाडीपट्टीत, या पूर्व विदर्भात, कोण पाहून राहिला? आपल्याकडे पाहणारी माणसं आहेत, पण ती ढिवर मोहल्ल्यात आहेत, त्यांना कोणी विचारत नाही, त्यांचं ज्ञान कोणी लिहून घेत नाही, आणि त्यांची पोरं आता हैदराबाद-सुरतेला कामाला जातात. मला याचा राग येतो.

दुसरी गोष्ट, धुऱ्यावर आता पूर्वीएवढे खेकडे आहेत का ते आठवून पाहा. माझ्या लहानपणी मिरगाच्या पहिल्या पावसात रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसे, टॉर्च घेऊन जायचं आणि पिंपभर आणायचं. यंदा मी त्याच रस्त्यावर रात्री फिरलो तर सात मोजले. बांधीत फवारलेलं औषध बांधीतच राहत नाही, पाण्याबरोबर बोडीत उतरतं, आणि किड्याला मारणारं औषध खेकड्यालाही मारतं कारण दोघंही एकाच मोठ्या गटातले, सांध्यासांध्यांच्या पायांचे. मीही फवारतो, धान वाचवायला लागतं, पण यंदापासून बोडीच्या कडेच्या दोन बांध्या मी सोडल्या आहेत, बाकी काही जमेल ते पाहू.

आणि ज्यांनी विषारी विषारी केलं त्यांना खरी काळजी करायची असेल तर एक सांगतो. आपला खेकडा रस्सा करून खाल्ला तर काही होत नाही, पण खोकल्यावर म्हणून कच्चा ठेचून रस पाजतात किंवा निखाऱ्यावर अर्धवट भाजून देतात ते बंद करा. गोड्या पाण्याच्या खेकड्यात फुप्फुसात जाणाऱ्या कृमीची पिल्लं असू शकतात, मणिपूर, नागालँडकडे याचे रुग्ण सापडतात, खोकल्यातून रक्त पडतं आणि टीबी समजून भलतेच उपचार चालतात. चांगला उकळून शिजवला की भीती नाही.

तो खेकडा आम्ही दुपारीच परत सोडला. भाच्याने तो पाण्यात न टाकता कडेच्या चिखलावर ठेवला, तो क्षणभर थांबला, मोठी नांगी वर धरून आमच्याकडे तोंड करून मागे मागे सरकत गेला आणि कमळाच्या पानांखाली दिसेनासा झाला.

आजीला काल घरी जाऊन भेटलो. तिने सांगितलंय की पुढच्या मिरगाला पोटाखाली पिल्लं घेतलेली मादी दाखवते, नाल्याच्या कुठल्या वळणावर ते तिला माहीत आहे. तोवर तुमच्या गावात कुठला खेकडा दिसला तर मारू नका, फोटो काढा, वरून, खालून आणि तोंडाकडून, शेजारी दहाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो, गावाचं नाव आणि तुमच्या घरची म्हातारी माणसं त्याला काय म्हणतात ते लिहा आणि इथे खाली टाका. मी सगळे एकत्र करून सरांना नेऊन देतो.